मंगळवारची चौकट

बेट एवढंसं, आणि त्यावरचा डोंगर त्याहूनही ठेंगणा. पाऊसमास्तर एकतीस वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता त्याच्या शिखरावर जात, पर्जन्यमापकातली बाटली काढत, नळीत पाणी मोजत आणि वहीत आकडा लिहीत. उद्याचा पाऊस कोणी विचारला, तर म्हणत, झालेल्या पावसाचं विचारा. त्यांच्या वहीत एकही चौकट कोरी नव्हती.

मंगळवारी सकाळी बायको परसात धुणं वाळत घालून घरात आली आणि कोसळली. दुपारी दवाखान्यात सगळं संपलं. पाच वाजले तेव्हा मास्तर तिथल्या बाकावर बसून होते. डोंगराची आठवणही झाली नाही.

बुधवारी संध्याकाळी मात्र पाय आपसूक वर निघाले. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. वरून चारी बाजूंना समुद्र दिसत होता, दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, आणि आपल्या परसातली दोरी. रिकामी. मास्तरांना काहीच वाटलं नाही. नळीत सेहेचाळीस मिलिमीटर भरले. दोन दिवसांचे एकत्र. सोमवारची रात्र कोरडी गेली होती, बुधवारी पहाटे पाऊस कोसळला होता, पण मंगळवारी दिवसा होता की नव्हता, काही केल्या आठवेना.

कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर आधी हळहळ व्यक्त केली, मग निम्मं निम्मं टाकायला सांगितलं. ढगाला कोण विचारायला जातंय, म्हणाले. मास्तर हो म्हणाले. घरी येऊन वही उघडली, पण हात चालेना.

लेक चहा घेऊन आली. तिला त्यांनी विचारलं, "मंगळवारी पाऊस होता का गं?"

"नव्हता, बाबा. पाचला मी दोरीवरचं धुणं काढलं ना. खडखडीत वाळलेलं होतं."

डोंगरावर चार थेंब पडले, तरी खाली धुणं भिजायचंच. तुमच्या ढगाला माझंच धुणं बरं दिसतं, असं बायको हजारदा म्हणाली होती.

"तुमच्या अंगातला सदरा त्यातलाच," लेक म्हणाली.

मास्तरांनी मंगळवारच्या चौकटीत शून्य लिहिलं, बुधवारच्या चौकटीत सेहेचाळीस. मग सदरा काढून खुंटीला लावला आणि दुसरा घ्यायला कपाट उघडलं. सदरे कुठल्या खणात असतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं.