माझ्या झबल्याची काजं

मी एक जुना, स्वस्तातला लॅपटॉप आहे. दुकानात मी सगळ्यांत खालच्या फळीवर होतो. वरच्या फळीवरच्या मंडळींकडे चित्रं काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. माझी हिशेब करणारी चिपच जमेल तशी चित्रंही काढते, आणि त्यासाठी लागणारी मेमरी शेजारणीकडून साखर आणावी तशी उसनी घेते. पण मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला माणसं चांगली मिळाली.

मला घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या एका आईने, तिच्या मुलीसाठी. मुलगी कॉलेजात जाऊ लागली होती, तरी घरात तिला चिमणीच म्हणत. खोली एकच, तिच्यात एका बाजूला आईचं शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला माझं टेबल. कात्री चालली की सुताचे तंतू उडायचे. माझ्या कळांमधून दोऱ्याचे तुकडे वेचून आई कंटाळली आणि तिने ठरवलं, याला अंगभर कपडा हवा. कोटाचं उरलेलं जाड कापड, आत कापूस, कडेला पायपिंग. पडदा, कळा आणि चार्जरचं भोक सोडलं तर मी वरून, बाजूंनी आणि खालूनही झाकला गेलो. माप इतकं चोख, की ते माझं अंगच वाटावं. ‘झबलं घातलेला लॅपटॉप’ म्हणून चिमणीच्या मैत्रिणी हसायच्या. मला मात्र तो मान वाटायचा. वरच्या फळीवरच्या कितीजणांना कुणी माप घेऊन कपडे शिवले असतील?

निबंध, बिलं, सिनेमे यांत वर्षं सुखाने गेली. काम हलकं होतं, त्यामुळे मला कधी घाम फुटला नाही.

मग चिमणीचं घरसजावटीचं शिक्षण पूर्ण झालं. एका फर्निचरच्या कारखान्यात जागा होती. मालकीणबाईंनी सांगितलं, सोमवारी आपला लॅपटॉप घेऊन ये आणि गिऱ्हाइकाला पडद्यावरच्या खोलीत फिरवून आण. गिऱ्हाइकाला पटलं, तर नोकरी तुझी. चिमणीने मन लावून एक स्वयंपाकघर रचलं आणि त्यात फिरून बघायला निघाली. ओट्यापर्यंत मी ऐटीत गेलो. खिडकीशी पोचेपर्यंत माझी गाडी रुतली.

दुसऱ्या गावी कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या मामाला फोन गेला. त्याने तिला एक चाचणीचा प्रोग्रॅम चालवायला लावला. हा प्रोग्रॅम एक अवघड चित्र गरागरा फिरवतो आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, काढता आली ते मोजतो. सुरुवातीला तीस आल्या. चिमणीचा चेहरा खुलला. मग वीस झाल्या, मग बारा. गादीवर तर ठेवला नाहीस ना, असं मामाने विचारलं. टेबलावर आहे, ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. झबल्याची आठवण कुणालाच झाली नाही, कारण रोज बघून ते दिसेनासंच झालं होतं. आणि मला बोलायला तोंड नाही.

"वय झालं त्याचं," मामा म्हणाला. "माझ्या ओळखीचा दुकानदार जुना घेऊन जरा बरा देईल. त्याला हे आकडे तेवढे सांग."

मला वाईट वाटलं, पण चिमणीचं काम अडायला नको हेही खरंच होतं. आईने मला मांडीवर घेतलं आणि झबल्याची शिवण उसवली. झबलं दुकानाला कशाला द्यायचं, नव्याला होईल, असा तिचा विचार. चिमणीने आकडे लिहून घ्यायला चाचणी पुन्हा लावली. तीस आल्या. चित्र फिरत राहिलं, आणि तीसच्या खाली यायचं नावच घेईना.

आधी उलगडलं ते आईला. उसवलेलं झबलं इस्त्री केल्यासारखं गरम होतं. फार तापलो की चिप जळू नये म्हणून मी आपोआप हळू होतो.

"म्हणजे याचा श्वास मीच कोंडला होता," ती म्हणाली.

"आई, तू हे शिवलं नसतंस तर तो धुळीनेच गेला असता," चिमणी म्हणाली. दोघींचंही खरं होतं.

यापुढे काम करताना काढून ठेवत जाईन, असं चिमणीने सुचवलं. आईने नकारार्थी मान हलवली. "काढलेलं परत घालणारी तू? ओळखते मी तुला." तिने मला उलटं केलं, हवा जिथून आतबाहेर होते त्या जागा बोटाने चाचपल्या आणि झबल्यावर खडूने आखल्या. आपल्याच चोख शिवणीवर कात्री चालवताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने कापलं. कडा उसवू नयेत म्हणून प्रत्येक भोकाला हाताने काजाचे टाके घातले आणि झबलं माझ्या अंगावर पुन्हा शिवलं.

सोमवारी मालकीणबाईंच्या टेबलावर गिऱ्हाइकाने चिमणीला खिडकीशी पुन्हा पुन्हा नेलं. तिथे उजेड कसा पडेल ते त्याला बघायचं होतं. मी गेलो, दर वेळी गेलो, आणि काजांतून गरम हवा निवांत बाहेर पडत राहिली. गिऱ्हाईक निघताना कपाटांचं मापही देऊन गेलं.

"उद्यापासून ये," मालकीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "याच्या कपड्याला ही भोकं कसली?"

"भोकं नाहीत, काजं आहेत," चिमणी म्हणाली. "आईने केलीत."

मित्रांनो, ज्याच्यावर माया करता त्याला जरूर झाका, पण तो श्वास कुठून घेतो ते आधी उलटून बघा. आणि चुकून ती जागा झाकली गेलीच, तर आपल्या हाताने शिवलेलं कापायला कचरू नका. माझ्यासाठी कुणीतरी ते कापलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.