मी, भोपळेरावांचे पोट

मित्रांनो, उशी म्हटली की तुम्हाला झोप आठवत असेल. मीही एक उशी आहे, चांगली पंचेचाळीस वर्षे जुनी. पण माझ्यावर डोके ठेवून आजवर कोणी झोपलेले नाही. माझ्या चारही कोपऱ्यांना नाड्या आहेत आणि मला पोटावर बांधतात. मी एका नटाचे खोटे पोट आहे.

हा नट अंगाने अगदी किडकिडीत होता. त्याच्या अंगावरचा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. नाटक मंडळीत त्याला दार उघडायचे, चिठ्ठी आणून द्यायची, "गाडी आली, साहेब" म्हणून आल्या पावली परत जायचे, अशी कामे मिळत. पुढे मंडळीने एक विनोदी नाटक बसवायला घेतले. त्यात एक गलेलठ्ठ, बढाईखोर घरमालक होता. तालमी अर्ध्यावर आल्या आणि घरमालकाचे काम करणारा जाडा नट भांडून निघून गेला. मंडळीचे मालक डोक्याला हात लावून बसले.

"आता पोट कुठून आणू मी?"

कोपऱ्यातून हा म्हणाला, "पोट मी आणतो. परवा सकाळी."

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. त्याने तिला सांगितले, "एक पोट शिवून दे. बघताक्षणी लोक हसले पाहिजेत."

"तुमच्याकडे बघून हसायला पोट कशाला लागतं?" ती म्हणाली. पण बोलता बोलताच तिने एक जुनी गादी उसवायला घेतली होती.

मांजरपाटाच्या दुहेरी कापडाची माझी खोळ झाली. गादीतला कापूस तिने हाताने पिंजून मोकळा केला आणि माझ्यात भरला. नाटकात एक शिंपी घरमालकाच्या कोटाचे माप घ्यायला येतो आणि मापाचा कागद टाचण्यांनी त्याच्या पोटावरच लावतो, हे तिने नवऱ्याकडून काढून घेतले होते. म्हणून पुढच्या बाजूला तिने जास्त कापूस दाबला. आपली चार बोटे आडवी धरून जाडी पाहिली. मग माझ्या पाठीमागे स्वतःचा तळहात धरला आणि पुढून एक लांब टाचणी डोक्यापर्यंत खुपसली. टाचणी तिच्या तळहाताला लागली नाही.

"झालं तुमचं पोट," ती म्हणाली. "श्वास सोडा, नाड्या बांधते."

टाचणी आणि माणूस यांच्यामध्ये राहायचे, एवढेच माझे काम होते. ते मी पुष्कळ वर्षे नीट केले.

त्या प्रवेशात घरमालक मुलीच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकतो. शिंपी त्याच्याभोवती फिरत असतो आणि तो छाती काढून बढाया मारत असतो. "अहो, या गावात माझ्या केसाला धक्का लावायची कोणाची छाती नाही!" असे तो म्हणतो, आणि नेमकी तेव्हाच शिंपी पहिली टाचणी खुपसतो. घरमालकाला पत्ताच नसतो. पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या टाचणीच्या वेळी पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "तीन!" चौथीला अर्धे नाट्यगृह ओरडले. सातवीला सगळे ओरडले. त्या दिवसापासून टाचण्या सातच राहिल्या आणि लोक त्या मोजायलाच येऊ लागले.

वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. लोकांनी त्याला भोपळेराव म्हणायला सुरुवात केली आणि मग जाहिरातीतही तेच नाव छापून येऊ लागले. त्याचे खरे नाव हळूहळू सगळ्यांच्या विस्मरणात गेले. पोस्टमनसुद्धा जिन्याखालून हाक मारी, "भोपळेराव, पत्र!" पण मी अंगावर नसले की त्याला कोणी ओळखत नसे. दुकानात कोणी म्हणाले, "हे ते भोपळेराव," तर दुकानदार त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणे, "चला, काहीतरीच! यांच्या पोटात आतडी तरी आहेत का?" मग तोही सगळ्यांबरोबर हसे.

दर आठवड्याला त्याची बायको माझी शिवण उसवायची. घामाने कापसाचे गोळे होतात आणि ते खाली सरकतात. ती सगळा कापूस बाहेर काढून उन्हात पसरे, पुन्हा पिंजे आणि पुन्हा भरे. चार बोटे धरून पाही. शेजारीण खिडकीतून विचारी, "काय हो, आज पोट वाळत घातलंय वाटतं?" ती म्हणे, "हो ना, नवरा गेलाय बाहेर, पोट ठेवून गेलाय घरी."

त्यांना एक मुलगी होती. ती दहा-अकरा वर्षांची असताना एकदा शाळेतून आली ती दंड धरून. शेजारच्या बाकावरच्या मुलीने तिच्या दंडात कंपासचे टोक खुपसले होते आणि वर विचारले होते, "तुझ्या बाबांना लागत नाही, मग तुला कसं लागतं?" बाकीच्या मुलींनी एक, दोन, तीन असे मोजले होते.

"बाबा, तुम्ही दुसरं काम घ्या ना," मुलगी म्हणाली.

त्यालाही ते हवेच होते. त्याने मालकांकडे धरणे धरले, तेव्हा त्यांनी एका गंभीर नाटकात त्याला म्हाताऱ्या बापाचे छोटेसे काम दिले. मला त्या दिवशी घरीच ठेवणार होते, पण सवयीने पेटीत आले. म्हणून रंगपटातून मी सगळे ऐकले. रंगपट म्हणजे रंगमंचामागची तयार होण्याची खोली. नाटकात त्याची मुलगी घर सोडून चाललेली होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "एकदा मागे वळून तरी बघ." त्याचा आवाज इतका खरा होता की पडद्याची दोरी ओढणारा माणूससुद्धा थांबला. नाट्यगृह शांत झाले. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "एक!"

लोक इतके हसले की पडदा पाडावा लागला.

मालक त्याला रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बघितलंत ना? तुम्ही आलात की लोक मोजायला लागतात. उगाच आशा कशाला करता?" दुसऱ्या दिवशी त्याने मला स्वतःच बांधले.

पुढे त्याची बायको वारली. चौथ्या दिवशी प्रयोग लागलेला होता आणि तो झाला. लोकांनी सातपर्यंत मोजले. त्यांना काही ठाऊक नव्हते आणि कोणी सांगितलेही नाही.

त्यानंतर माझा मुक्काम मंडळीच्या पेटीत हलला. कपडे सांभाळणाऱ्या मावशी होत्या, पण त्यांच्या माथी वीस जणांचे कपडे. प्रयोग संपला की त्या मला ओलीच पेटीत टाकत. ऊन मी विसरूनच गेले. माझ्यातल्या कापसाचे आंबट वासाचे गोळे झाले आणि ते तळाशी जाऊन बसले. वरून मी तशीच गोल दिसत होते, पण नेमकी मधोमध, टाचण्या लागायच्या त्या जागी, मी पोकळ झाले होते. मला ते कळत होते. पण उशीला तोंड नसते.

त्याच दिवसांत मंडळीत एक नवा तरुण नट आला होता. तो दरवानाचे काम करायचा आणि जन्मतःच जाडा होता. मालक गमतीने म्हणत, "याचं पोट बघा, शिवायला नको, वाळवायला नको." सगळे हसत. भोपळेरावही हसत. तो तरुण विंगेत उभा राहून घरमालकाची सगळी वाक्ये ओठांतल्या ओठांत म्हणत असे, हे भोपळेरावांनी पाहिले होते.

आणि एका प्रयोगाला टाचणी आरपार गेली.

मी ती अडवू शकले नाही, मित्रांनो. माझ्या पोकळीतून ती सरळ भोपळेरावांच्या पोटात गेली. बढाईचे वाक्य अर्ध्यावर असताना तो क्षणभर थांबला. त्याचे डोळे एवढाले मोठे झाले. मग त्याने वाक्य पूर्ण केले, कारण घरमालकाला काही कळत नाही यातच तर सगळी गंमत होती. ते डोळे पाहून लोक बाकांवर हात आपटून हसले. असे हसू त्या नाटकाला दहा वर्षांत आले नव्हते. शिंप्याचे काम करणाऱ्या नटाच्या बोटांना फरक कळला असावा. पडदा पडल्यावर त्याने हळूच विचारले, "लागली का हो?"

"छे, छे."

तेवढ्यात मालक धावत आले. "वा! ते डोळे! कुठून काढलेत ते डोळे? तेच ठेवा. रोज ठेवा."

ते त्याने रोज ठेवले.

मावशींनी एकदा माझी खोळ उलटी केली, तर आतल्या बाजूला तपकिरी ठिपके होते. त्या घाबरल्या. "अहो, हे रक्त आहे. द्या इकडे, मी कापूस भरते."

"भरू नका, मावशी."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"कापूस भरला तर डोळे कुठून आणू?" तो म्हणाला. "तो पोरगा विंगेत उभा असतो, बघता ना तुम्ही?"

मावशींनी खोळ तशीच सुलटी केली. पण सहा महिन्यांनी त्यांना राहवेना. त्याची मुलगी आता मोठी झाली होती, लग्न होऊन गावातच राहत होती आणि वडील तिच्याकडेच असत. मावशींनी मला पिशवीत घालून तिच्या हातात दिले. "ताई, आतून बघा. मी सांगितलं म्हणू नका."

तिने मला उसवले. आतले ठिपके पाहिले. त्यांवरून बोट फिरवले. मग तिने नवा कापूस आणला, पिंजला आणि माझ्यात भरला. आईसारखीच चार बोटे आडवी धरली. किती वर्षांनी मला कोणीतरी उन्हात ठेवले! मित्रांनो, त्या दिवशी मी खरोखर आनंदात होते. आता मी त्याला वाचवणार होते.

नाड्या बांधताना तो म्हणाला, "आज जड का लागतेय?" पण घंटा झाली होती.

पहिली टाचणी आली आणि माझ्यातच राहिली. त्याला काही लागले नाही. त्याने डोळे मोठे केले, पण ते नुसतेच मोठे झालेले डोळे होते. दुसरीला, तिसरीला त्याने जास्त जोर लावला. लोकांनी चारपर्यंत मोजले आणि सोडून दिले. कोणीतरी खोकले. मागे कोणीतरी जांभई दिली. सातवी टाचणी पूर्ण शांततेत लागली.

मालकांना असे निमित्त हवेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की आता विश्रांती घ्या. आठवड्याने तो दरवानाचे काम करणारा तरुण पोटाला स्पंजचा जाड पट्टा बांधून घरमालक म्हणून उभा राहिला, आणि लोकांनी पहिल्याच प्रयोगाला न चुकता सातपर्यंत मोजले.

घरी त्याने माझ्यात बोट दाबून पाहिले. मग मुलीकडे पाहिले.

"माझं काम घालवलंस तू."

"बाबा, रक्त येत होतं."

"माझं होतं ना ते? तुला कोणी विचारलं?"

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ती ताट ठेवी, तो जेवे. ती औषध देई, तो घेई. पण शब्द नाही. पाच महिने तो खिडकीशी खुर्ची टाकून बसला. मी कपाटावर होते, टम्म फुगलेली, स्वच्छ, आणि कोणाच्याही कामाची नसलेली.

एके दुपारी इमारतीतली चार-पाच मुले दाराशी आली. कोणाच्या तरी आईने त्यांना सांगितले होते, हे आजोबा म्हणजे भोपळेराव.

"आजोबा, ते टाचण्यांचं करून दाखवा ना!"

तो उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची पाठ सरळ झाली. त्याच्या मुलीने आनंदाने मला कपाटावरून काढून आणले. त्याने मला हातात घेतले, दाबले, आणि पाच महिन्यांनी तिच्याशी पहिले वाक्य बोलला.

"पुढचा कापूस काढ."

"नाही, बाबा. तेवढं नाही."

त्याने मला तिच्या हातात परत दिले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला. मुले निघून गेली. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीने कात्री घेतली. माझी शिवण उसवली.

"किती काढू?" तिने विचारले.

"तीन बोटं."

तिने तीन बोटे कापूस काढला. तो कापूस तिच्या मांडीवर पडून राहिला, आणि भोपळेराव माझ्या नाड्या बांधू लागले.

आता रोज दुपारी मुले येतात. त्यांच्यातली मोठी मुलगी शिंपी होते. तो छाती काढून बढाया मारतो, त्याचे डोळे मोठे होतात आणि मुले हसून हसून जमिनीवर लोळतात. त्याची स्वतःची मुलगी तेवढा वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहते. मला अजूनही वाटते की एखादी तरी टाचणी अडवावी, पण माझ्यात आता अडवण्याजोगे काही उरलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ऊन दाखवा, त्या धुऊन-पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरेच मागते. कोणी तुम्हाला हसवत असेल तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर त्याच्याजवळ जा आणि त्याला लागले का, ते विचारा. तो नाही म्हणेल. तरी तिथून लगेच जाऊ नका. पुन्हा विचारा.