ओपलनं केलेला फोन

आमच्या गावात पाळणाघरं दोनच. एक मिस ओपलचं, तिच्या राहत्या घरात, सहा मुलांचं. दुसरं चर्चसमोरचं, साठ मुलांचं, जिथं मी स्वयंपाक करते. यंदा सरकारनं ठरवलं की ज्या मुलांची फी काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, भरते, त्यांनी सप्टेंबरपासून गुणवत्तेची चांदणी मिळवलेल्या पाळणाघरातच जायचं. गरिबाच्या पोराला उत्तमच मिळायला हवं, असं पत्रात लिहिलं होतं. वा! एवढा कळवळा एरवी कुठं लपून बसतो कोण जाणे.

ओपलच्या सहांपैकी चौघं काउंटीची. त्यात माझी नात टेस. चार वर्षांची झाली तरी बाहेर चकार शब्द काढत नाही. बोलते ती फक्त ओपलशी, तेही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून. ओपल मग वाकून उत्तर देते. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी वाकते.

चांदणीच्या अर्जाला पात्र कोण? तर गेल्या बारा महिन्यांत ज्याच्या नावावर गंभीर चूक नाही तो. मार्चमध्ये ओपलच्या फाटकाची कडी नीट लागली नाही आणि एक पोरगं रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत गेलं. दोन मिनिटांत तिनं त्याला उचलून आणलं. कुणी पाहिलंसुद्धा नाही. पण मूल नजरेआड झालं तर चोवीस तासांत कळवायचं, असा नियम. या बाईनं तासाभरात सरकारी कचेरीत फोन लावून स्वतःचीच तक्रार नोंदवली!

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. अपात्र. पुढच्या मार्चनंतर पुन्हा अर्ज करावा.

"तुला कुणी सांगितलं होतं गं फोन करायला?" मी तिच्यावर डाफरले.

"कुणी कशाला सांगायला हवं? घडलं होतं ना?"

"मग बस आता टाळ्या वाजवत!"

तिनं टेबलाखाली एक नजर टाकली. मग म्हणाली, "वर्ना, तुमच्याकडं टेसला टेबलाखाली बसू देतील ना?"

टेबलाखाली बसायचं नाही, असं आमच्या भिंतीवर चित्रासकट लावलंय.

आणि आमचं पाळणाघर? पात्र! बारा महिन्यांत एक डाग नाही. मुख्य बाई, कँडिस मॅडम, यांनी फुगे लावले, मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीच्या दारावर सोनेरी चांदणी चिकटवली, केक कापला. केक मीच भाजला होता.

त्याच गाडीत फेब्रुवारीत तीन वर्षांचा कॉर्बिन चाळीस मिनिटं राहून गेला होता. सगळी मुलं उतरवली, हा मागच्या सीटवर झोपलेला, कुणी मोजलंच नाही. बाहेर बर्फ. मी दुधाचे क्रेट आणायला गेले तेव्हा काचेआड त्याची लाल टोपी दिसली. मी त्याला उचलून आत आणलं, ओव्हनजवळ बसवलं, सूप भरवलं. ओठ निळे पडले होते.

"झोपलाच होता की, त्याला काय कळलंय!" कँडिस मॅडम म्हणाल्या. "आणि वर्ना, त्याच्या आईला उगाच घाबरवू नका."

मी घाबरवलं नाही. तिलाही नाही, सरकारलाही नाही. नोकरी प्यारी होती, दुसरं काय? ओपलला मूर्ख म्हणायला मात्र मी सगळ्यांत पुढं.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी कँडिस मॅडमनी गाडीतल्या जागांची नवी यादी स्वयंपाकघरात आणून लावली. शेवटचं नाव टेसचं. मागची सीट, खिडकीकडची. कॉर्बिनची होती ती. आणि माझी नात अशी, की गाडीत एकटी राहिली तरी हाक मारणार नाही.

मी हात पुसले आणि भिंतीवरचा फोन उचलला. कचेरीतल्या बाईनं आधी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग सगळं सांगितलं. कँडिस मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी थांबले नाही.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मीच बाहेर काढलं त्याला."

"मग कळवायला सहा महिने का लागले?"

"लिहून घ्या," मी म्हटलं. "तेव्हा ते दुसऱ्याचं पोर होतं."