आर्मांला दिलेला शब्द

माझा मामा व्हिन्सेंट फुर्ट्याडो ब्रिटिश हवाई दलात एअर कमोडोर होता. आपल्याकडच्या ब्रिगेडियरच्या तोडीचा हुद्दा. आमच्या घरात मात्र त्याची ओळख 'पॉलिनचा इंग्लंडातला भाऊ' एवढीच होती. दर नाताळला फोन करायचा, आईशी वसईतल्या पाचूबंदरच्या जुन्या कोळी बोलीत बोलायचा आणि स्वतःविषयी काही विचारलं की म्हणायचा, "माझं काय गो, मशिनी बघायच्या न् सह्या करायच्या."

बायको गेल्यावर, २०१६ च्या उन्हाळ्यात, तो कॅनडातल्या केंब्रिजला आईकडे राहायला आला. सदुसष्ट वर्षांचा, ताठ पाठीचा, काळासावळा माणूस. मी तेव्हा मॉन्ट्रियलला विमानांच्या कंपनीत इंजिनिअर होते. ऑक्टोबरात त्याचा फोन आला.

"क्लॅरिसा, तुला फ्रेंच येतं ना? नीट येतं?"

"कामापुरतं येतं, मामा. का रे?"

"एका बाईंना एक गोष्ट सांगायची आहे. चुकीचा शब्द पडून चालणार नाही."

शनिवारी मी त्याला स्टेशनवरून गाडीत घेतलं आणि आम्ही सेंट लॉरेन्स नदीच्या काठाकाठाने निघालो. कुठे जायचं ते ठाऊक होतं, कशाला ते नव्हतं. ते त्याने वाटेत सांगितलं, आणि ते सांगण्यासाठी त्याला आधी बरंच मागे जावं लागलं.

आजोबा बोटीवर खलाशी होते. मामा तेरा वर्षांचा असताना ते त्याला साउदम्प्टनला घेऊन गेले. आजी आणि माझी आई वसईतच राहिल्या. सोळाव्या वर्षी मामा हवाई दलात शिकाऊ मेकॅनिक म्हणून भरती झाला. त्या बराकीत त्याच्या रंगाचा तो एकटाच. पोरं चिडवायची. त्यातली निम्मी पुढे त्याच्याच हाताखाली आली, आणि त्यातल्या कुणालाही त्याने जुनी आठवण करून दिली नाही. मेकॅनिकचा अधिकारी झाला, अधिकाऱ्याचा मुख्य अभियंता. एकदा कोणी मंत्री हेलिकॉप्टरने निघायचे होते. मामाने गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घेतला आणि उड्डाण थांबवलं. मंत्रीसाहेब लालबुंद झाले. गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतल्या बेअरिंगवर देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांनी त्याला चहाला बोलावलं.

"मग पंचाण्णवचा जानेवारी," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला. मेपलची पानं बहुतेक गळून गेली होती.

स्कॉटलंडच्या उत्तरेला वादळात एक मच्छीमार बोट बुडत होती. हवाई दलाचं बचाव हेलिकॉप्टर गेलं. वैमानिक होता एत्येन लाव्हुआ, कॅनडाच्या हवाई दलातून दोन वर्षांसाठी पाठवलेला, क्युबेकचा. त्याने दोरीने तीन मच्छीमार वर घेतले. दुसरी बोट जवळ आली होती, तिच्यावर त्यांना सुखरूप उतरवलं. उरलेल्यांसाठी परत वळला आणि हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. आतले चौघेही गेले.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, वैमानिक फार खाली उतरला. चौकशी झाली, मामा तिच्या तांत्रिक बाजूचा प्रमुख होता. बरेच अवशेष मिळाले, पण शेपटीकडचा भाग खोल पाण्यात गेला तो गेलाच. शेवटी चौकशीत जे खरं होतं तेच लिहिलं गेलं: कारण कळू शकलं नाही.

"पण 'कळलं नाही' म्हटलं की लोक आपल्याला हवं ते समजून बसतात," मामा म्हणाला. "पोराचं प्रेत घेऊन मीच इथे आलो होतो. दफन झाल्यावर बाप पुढे आला, आर्मां. मोडक्या इंग्रजीत विचारलं, 'बरोबरचे ते तिघे माझ्या मुलामुळे मेले का?' मी म्हटलं, मला माहीत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी येऊन सांगेन."

"आणि मग?"

"मग शोधलं."

हे 'शोधलं' म्हणजे काय ते मला खोदून खोदून विचारावं लागलं. मामा एअर कमोडोर झाला, तळ सांभाळले, निवृत्त झाला. आणि हे सगळं करता करता, रजेत आणि नंतर निवृत्तीत, तो दर वर्षी स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावरच्या बंदरांत जात राहिला. जेटीवर मच्छीमारांच्यात बसायचा. शेपटीच्या त्या भागाचं चित्र दाखवायचा आणि सांगायचा, "असं काही जाळ्यात आलं तर भंगार म्हणून परत फेकू नका. मला फोन करा." सुरुवातीला ते हसले. साहेबलोक जेटीवर येतात ते फोटो काढायला. पण या साहेबाने एकदा बोलता बोलता फाटकं जाळं मांडीवर ओढलं आणि विणायला घेतलं. कोळ्याचाच पोर तो, हात विसरले नव्हते. त्यानंतर कुणी हसलं नाही.

"कंटाळा नाही आला तुला?"

"यायचा ना. मामी तर म्हणायची, तुझं समुद्राशी लग्न लाव. पण दर वर्षी सॅन्डविच तीच बांधून द्यायची."

२०१५ च्या शरदात एका ट्रॉलरच्या जाळ्यात शेवाळाने माखलेला धातूचा तुकडा आला. कप्तानाने मामाला फोन केला. दुसऱ्या दिवशी मामा बंदरात हजर. प्रयोगशाळेत तो तुकडा कापून पाहिला. शेपटीचा पंखा फिरवणारा दांडा जिथे जोडलेला असतो, तिथली कडी आतून तडकली होती. धातू ओतला तेव्हापासूनचा बारीक दोष. त्या काळातल्या कुठल्याही तपासणीत तो दिसला नसता. पंखा थांबला की हेलिकॉप्टर गरगरतं. मग वैमानिक कितीही चांगला असो. निष्कर्ष अधिकृत झाला. घरच्यांना कळवायचं तेव्हा मामाने हवाई दलाला एकच विनंती केली: लाव्हुआंच्या घरी आधी मी जातो.

आर्मां मात्र २००८ सालीच वारला होता.

मादाम सोलांज लाव्हुआ ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. नदीकाठच्या त्या गावात, चर्चच्या मागे पांढरं लाकडी घर. मी दोन वाक्यांत ओळख करून दिली. त्यांनी मामाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे इंग्रज आहेत?"

मी भाषांतर केलं. मामा म्हणाला, "नाही. पण त्यांचा पगार खाल्लाय."

बाई हसल्या नाहीत, पण दार पूर्ण उघडलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मामाने सांगायला सुरुवात केली. एक वाक्य बोलायचा आणि माझ्यासाठी थांबायचा. कुठलंही विशेषण नाही. कडी कशी तडकली ते त्याने दोन्ही हातांनी दाखवलं. शेवटी म्हणाला, "तुमच्या मुलाची चूक नव्हती. कुणाचीच चूक नव्हती."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईंचा चेहरा हलला नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याची आई आहे. मला एक सांगा. त्याला कळलं होतं का, की आपण पडतोय?"

मी मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो काहीतरी मऊ बोलेल.

"हो," मामा म्हणाला. "थोडा वेळ कळलं होतं. बुडणारी बोट त्याच्या खालीच होती. ज्यांना त्याने वाचवलं होतं, त्यांनी दुसऱ्या बोटीवरून ते पाहिलं. गरगरत असतानाही त्याने हेलिकॉप्टर बोटीपासून दूर काढलं. ते आपोआप होत नाही. ते त्याने केलं."

 बाई उठल्या, कोट चढवला आणि म्हणाल्या, "चला. प्रश्न मी विचारला नव्हता. ज्यानं विचारला होता त्याला सांगा."

दफनभूमी चालत जाण्याइतकी जवळ होती. नदीवरून बोचरा वारा येत होता. बापलेकांचं थडगं एकच, काळा दगड. मामाने टोपी काढली, कोटाची बटणं लावली आणि ताठ उभा राहिला. मला वाटलं, सॅल्यूट ठोकेल. त्याने तसं काही केलं नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं तो बोलू लागला.

"आर्मां, मी फुर्ट्याडो. उशीर झाला. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आणलंय."

आणि टेबलाशी सांगितलं ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मी वाक्यागणिक फ्रेंच करत होते, दगडाकडे बघून. कडी, तडा, बोट, सगळं. त्याने काही गाळलं नाही, मीही गाळलं नाही. मधेच बाईंनी माझा एक शब्द दुरुस्त केला. मग त्यांना हुंदके आवरेनात. मामाने पुढे होऊन आपला हात दिला आणि त्या तो धरून उभ्या राहिल्या.

जेवण करूनच जायचं, असा हुकूम झाला. खिमा भरलेला मीट पाय होता, बीटाचं लोणचं होतं. मामाने दोनदा वाढून घेतलं. बाईंनी त्या ट्रॉलरच्या कप्तानाचं नाव विचारलं आणि तीन-चारदा म्हणून तोंडात बसवलं, रोजच्या प्रार्थनेत घेण्यासाठी.

परतताना मी विचारलं, "मामा, तिथे खरं सांगायची काय गरज होती? म्हणायचं, काही कळलं नाही त्याला."

"एकवीस वर्षं खरं शोधलं गो," तो म्हणाला. "आणि शेवटी तिला खोटं देऊ?"

त्यानंतर दर रविवारी मादाम लाव्हुआ केंब्रिजला फोन करू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मामाला फ्रेंच येत नाही. दोन वर्षांनी, २०१८ च्या नाताळात मी घरी गेले तेव्हा स्वतः पाहिलं. फोन वाजला, मामाने रिसीव्हर कानाला लावला आणि खुर्चीत बसला. पलीकडून त्या बोलत होत्या, इकडून तो बोलत होता, अधूनमधून दोघंही हसत होते. मी मदतीला पुढे झाले तर त्याने हातानेच नको म्हटलं.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "काय म्हणतात?"

"बऱ्या आहेत," मामा म्हणाला. "गुडघा दुखतोय."