नबहानचं बॉनेट

हातोडी शोधताना झुवैनाला तो तुकडा सापडला. रय्याच्या खाटेचा एक खिळा वर आला होता. आठ महिन्यांचं लेकरू, त्याचा हात कुठे जाईल याचा काय नेम? लेक झाल्यापासून झुवैनाचे डोळे दिवसभर घरातल्या टोकदार वस्तूंच्या मागावर असत. नवऱ्याच्या पान्यांच्या पेटीत तिनं हात घातला आणि तळाशी फडक्यात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी लागलं.

तळहाताएवढा फायबरचा तुकडा. एका बाजूनं पांढरा रंग, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. कडा फाटलेल्या, त्यातून काचेचे केसासारखे धागे लोंबत होते. मधोमध दोन बोल्टांनी आवळलेली एक लोखंडी कडी. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, काही उमगलं नाही, आणि जशी होती तशीच गाठ मारून परत ठेवला. धागे मात्र बोटांत शिरले. हात तीनदा धुतले तरी दिवसभर खाजत राहिले.

बाहेर अंगणात तिचा नवरा हिलाल गाडीला नवं बॉनेट बसवत होता.

हे बॉनेट नबहानच्या साच्यातलं. नबहान म्हणजे हिलालचा धाकटा भाऊ. दोघा भावांनी एकाच वर्षीच्या दोन पांढऱ्या गाड्या घेतल्या होत्या, आणि शर्यतीच्या नादात नबहाननं आपल्या गाडीचं लोखंडी बॉनेट काढून फायबरचं बसवलं होतं. सहमच्या किनाऱ्यावर होड्या बनवणाऱ्या खमीस उस्तादांनी ते घडवलं. होडीचा साचा तसा बॉनेटचा साचा. तेच मेण, तीच काचेच्या धाग्यांची मॅट, तेच तिला घट्ट करणारं रेझिन. तेरा महिन्यांपूर्वी हायवेवर नबहान गेला. गाडी भंगारात गेली, पण साचा उस्तादांच्या छपराखाली तसाच पडून होता. या रमजाननंतर हिलालनं त्यातून दुसरं बॉनेट काढून घेतलं. दहा दिवस ते गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. उस्तादांची शिस्तच तशी. ऊन खाऊ दे, म्हणायचे, जे वाकायचंय ते रंगाच्या आधी वाकू दे.

"बघ," हिलाल म्हणाला. तो बॉनेटच्या कडेनं नख फिरवत होता. "फट बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत नखाएवढी. कारखान्यातसुद्धा अशी बसत नाही."

"सुंदर आहे," झुवैना म्हणाली. "पण पुढून धरलंय कशानं?"

"कशानं म्हणजे? खटक्यानं. गाडीचाच खटका आहे."

"नुसत्या खटक्यानं? शाळेतल्या मास्तरांच्या गाडीला पुढे दोन पिना आहेत. वरून दिसतात."

हिलाल हसला. "मास्तरांचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, म्हणून पिना. गाडीचे काय बाईसारखे कान टोचायचे? नबहानच्याला होत्या का?"

त्याच्या तोंडून ते नाव आलं की घरात बोलणं तिथंच थांबायचं. ओसरीत सासूबाई कुम्मा टोपीचं भरतकाम करत बसल्या होत्या. नबहानसाठी भरायला घेतलेलीच टोपी, अर्धी राहिलेली. सुईनं एक एक बारीक छिद्र पाडायचं आणि त्याची कड रेशमानं भरायची, अशी हजारो छिद्रं. त्यांनी मान वर केली, पांढऱ्या गाडीकडे पाहिलं.

"अगदी त्याचीच गाडी दारात उभी आहे असं वाटतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुईत बघू लागल्या.

त्यानंतर पिनांचं नाव काढायला झुवैनाची जीभ रेटली नाही.

नबहानच्या अपघाताबद्दल घरात एवढंच बोललं जायचं की त्याची घटका भरली होती. मातीला आलेल्या कुणीतरी उंट आडवा आला असेल म्हटलं, दुसऱ्यानं टायर फुटला असेल म्हटलं. उंट कुणी पाहिला नव्हता. सगळ्यात आधी तिथं पोचला होता तो हिलाल, आणि हिलाल काहीच बोलला नव्हता.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, झुवैना नेहमीसारखी रय्याला मागच्या आसनावर बांधून शाळेकडे निघाली. वाटेत ती लेकीला नणंदेकडे ठेवायची. हायवेच्या कडेचा छोटा रस्ता, एरवी साठाचा वेग. ऐंशीला गेली तेव्हा बॉनेटची पुढची कड थरथरली. किंचितच, दुधावरची साय फुंकरीनं हलावी तशी. तिनं पाय उचलला, थरथर थांबली. पुन्हा ऐंशी, पुन्हा थरथर. आरशात रय्या आपला पाय तोंडात घालून मजेत होती.

गुरुवारी शिनासला मामेबहिणीचं लग्न होतं. सत्तर किलोमीटर, सगळा हायवे, आणि हिलाल काही ऐंशीनं चालवणारा नव्हे.

तीन दिवस ती तो हलणारा काठ मनात घेऊन वावरली. मुलांच्या वह्या तपासताना, वरणात मीठ घालताना. बुधवारी सकाळी तिनं शाळेत रजा कळवली आणि लेकीला घेऊन गाडी थेट किनाऱ्यावर उस्तादांच्या छपराखाली नेली.

खमीस उस्ताद एका उपड्या होडीच्या पोटाला काचकागद घासत होते. भुवयांपर्यंत पांढरी धूळ.

"अरे वा, मास्तरीणबाई! होडी घ्यायला आलात की माझा अभ्यास घ्यायला?"

"खमीसकाका, या बॉनेटला पिना बसवायच्या आहेत. आत्ताच."

उस्तादांनी कागद खाली ठेवला. "हिलालनं पाठवलं?"

"नाही."

"मग तो माझी होडी माझ्याच डोक्यात घालेल."

"माझं नाव सांगा. काका, ऐंशीला हे थरथरतंय. उद्या हा आम्हाला घेऊन शिनासला निघणार आहे."

उस्तादांनी हात झटकले. आत जाऊन एक खोका घेऊन आले. खोक्यावरच्या धुळीत त्यांच्या बोटांचे ठसे उमटले. आत दोन उभे दांडे, दोन गोल पोलादी चकत्या, दोन पिना; अजून तेलकट कागदात.

"नवीनच दिसतात," झुवैना म्हणाली.

"नवीनच आहेत. दीड वर्षापासून." उस्तादांनी बॉनेट उघडलं. फायबरला वजन नाही, एका हातानं काठीवर टेकवलं. "नबहानसाठी आणल्या होत्या. बॉनेट न्यायला हिलाल आला होता. म्हटलं, पोरा, पिना बसवल्याशिवाय नेऊ नको. तर म्हणाला, राहू द्या काका, मी खटका असा बसवतो की वारासुद्धा आत जाणार नाही. भोकं पाडून रूप कशाला बिघडवता? तरणी पोरं. किती सांगणार? नेलं."

झुवैना ऐकत होती, पण तिची नजर बॉनेटच्या आतल्या बाजूला खिळली होती. पुढच्या काठाशी, मधोमध, दोन बोल्टांनी आवळलेली लोखंडी कडी. भोवतीचं फायबर खरखरीत, तळहाताएवढं.

तिच्या बोटांना पुन्हा खाज सुटली.

"काका," तिनं विचारलं, "हे फाटतं कसं?"

"खटका कधीच उघडत नाही, पोरी. खटका लोखंडाचा. वेगात वारा खाली शिरतो, बॉनेट वर उचलायला बघतो. कडी खटक्यात घट्ट, आणि कडीला धरून ठेवणारं हे दोन थरांचं फायबर. रोज थोडं थोडं भेगाळतं. एक दिवस कडी जागच्या जागी राहते आणि बाकी सगळं वर येऊन काचेवर आपटतं. मग पुढचं काही दिसत नाही." त्यांनी कपाळ पुसलं, धूळ आणखीच पसरली. "भंगारात मी गाडी पाहिली. खटक्यात कडी नव्हती. कुणीतरी पान्यानं सोडवून नेली होती. कुणी ते मी कधी विचारलं नाही."

झुवैनानं रय्याला छातीशी घट्ट धरलं. पोरगी कुरकुरली.

आता तिला सगळंच कळलं. हिलालनं तेच बॉनेट, त्याच साच्यातून, तसंच बिनपिनांचं का बसवलं तेही. सासूबाईंना मुलाची गाडी दारात दिसावी म्हणून, हे होतंच. पण त्याला हे टिकायला हवं होतं. हे टिकलं तर नबहानच्या मरणाचं कारण बॉनेट नव्हतं, उंट होता, टायर होता, घटका भरली होती. आणि ते टिकतं का हे बघायला तो बायकोला आणि लेकीला गाडीत घेऊन बसणार होता. त्याला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"बसवा," ती म्हणाली.

दांडे पुढच्या पट्टीला उभे आवळले. त्यांची टोकं बॉनेटला नेमकी कुठे लागतात त्याची खूण हवी होती. उस्ताद खडू शोधू लागले.

"काजळ चालेल?" तिनं पर्समधून डबी काढली.

"चालेल की! होडीला दृष्ट लागू नये म्हणून लावतोच, आता बॉनेटला."

दोन्ही टोकांना काजळ फासून त्यांनी बॉनेट अलगद टेकवलं, उचललं. आतल्या बाजूला दोन काळे ठिपके उमटले. मग ड्रिल फिरलं. पांढरी भुकटी उडाली, गोड-जळका वास आला, आणि झुवैनानं रय्याचं तोंड ओढणीनं झाकलं. चिंचोक्याएवढी दोन भोकं, त्यांच्या कडेला पोलादी चकत्या, दांड्यांतून आरपार गेलेल्या पिना. उस्तादांनी मुठीनं काठ ठोकला. आवाज बदलला होता. आधी पोकळ वाजायचा, आता बंद दारासारखा.

आदल्या रात्री अंधारात हिलालच्या काही लक्षात आलं नव्हतं. गुरुवारी दुपारी तो नवी पायघोळ दिशदाशा घालून बाहेर आला आणि गाडीपुढे थबकला. झुवैना ओसरीत रय्याला टोपडं घालत होती. टोपड्याचा बंद काही बसेना.

"हे कोणी केलं?"

"मी."

त्यानं एका चकतीवर अंगठा ठेवला. ओरडेल, म्हणून तिनं टोपडं लेकीच्या कानांवर ओढलं. तो ओरडला नाही. चेहरा असा झाला की ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

सासूबाई काठी टेकत आल्या. भरतकामाची सवय, म्हणून त्या डोळ्यांपेक्षा बोटांनीच बघायच्या. त्यांनी भोकाची कड चाचपली, चकती चाचपली, सुईकाम तपासावं तशी.

"कड चांगली भरलीय," त्या म्हणाल्या. "कड भरली नाही की कापड तिथूनच फाटतं." बोट चकतीवरच ठेवून म्हणाल्या, "त्याच्या गाडीला या नव्हत्या ना रे?"

"नव्हत्या, उम्मा."

"हं." त्या वळल्या. पायरी चढताना त्यांचा हात भिंतीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. "जा, उशीर होतोय. नवरीला माझा आशीर्वाद सांगा."

झुवैना मागे रय्याशेजारी बसली. गाडी हायवेला लागली. नव्वद. शंभर. तिची नजर बॉनेटच्या काठावर होती, त्याचीही. काठ हलत नव्हता.

ज्या पुलाच्या अलीकडे नबहान गेला होता तो पूल आला आणि हिलालचा पाय दाबला गेला. एकशेवीसला गाडीची घंटी किणकिणू लागली. वेग जास्त झाला की या जुन्या गाड्या अशाच वाजतात. एकशेतीस. खजुरीची झाडं, पेट्रोलपंप, मशिदीचा मनोरा, सगळं मागे पळत होतं. घंटी थांबेना. रय्याला तो आवाज खेळण्यासारखा वाटला, ती खिदळली.

"हिलाल, हळू."

एकशेचाळीस. आरशात तिला त्याचे डोळे दिसले. तो रस्ता बघतच नव्हता. बॉनेटचा काठ बघत होता. हल, म्हणत होते ते डोळे. पिना असूनही हल. म्हणजे पिनांनी काही झालं नसतं.

बॉनेट हललं नाही.

"हिलाल!" ती पुढे झुकली, त्याच्या खांद्यात बोटं रुतवली. "पेटीतला तो तुकडा मी पाहिलाय. मला सगळं माहीत आहे. आता पुरे. लेक आहे मागे."

घंटी बंद झाली. गाडी हळूहळू कडेला आली, वाळूत थांबली. बाजूनं ट्रक गेले की गाडी हेलकावे खायची. हिलालनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"एक जरासुद्धा हललं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"अर्ध्या तासाचं काम होतं ना गं?"

उस्तादांना पाऊण तास लागला होता. ते तिनं सांगितलं नाही.

तो उतरला, पुढे गेला, तापलेल्या बॉनेटवर दोन्ही तळहात टेकवून उभा राहिला. पोळत असणार. तिनं हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं मागचं दार उघडलं.

"तू चालव. मी इथं बसतो."

मग झुवैनानं गाडी चालवली, उजव्या कडेच्या, सावकाश गाड्यांच्या लेनमधून, ऐंशीनं. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे जात होते. मागे रय्या बापाचं बोट धरून झोपली होती आणि बाप खिडकीबाहेर बघत होता.

शिनासला पोचले तेव्हा ढोल थांबले होते, पुरुष कहवा पीत अंगणात बसले होते. झुवैनाचा मामेभाऊ हारिब धावत आला. गाडी दिसली की त्याला माणसं दिसत नसत.

"वा रे वा, दाजी! नबहानचाच साचा ना? आणि पिना! काय शोभतात! पहिल्यापासून आहेत?"

हिलालनं झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेतलं.

"नाही," तो म्हणाला. "उशिरा बसवल्या."

हारिबला त्यात काही कळायचं कारण नव्हतं. तो खाली वाकून एक पीन काढून पाहू लागला.

"ती परत लाव," झुवैना म्हणाली. तो लावेपर्यंत ती तिथून हलली नाही.