दातांची खूण

मित्रांनो, मी एक जुना विलायती पाइप आहे. पाइप म्हटल्याबरोबर नळाकडे पाहू नका. मी तंबाखू ओढण्याचा, ब्रायरच्या लाकडाचा, हाताने घडवलेला पाइप. तंबाखू वाईटच, तिची वकिली मी करणार नाही. पण गेल्या रविवारी माझ्यावर जे गुदरले, त्याने मी अजून हादरलेलो आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ब्रायर हे एक काटक झुडूप. त्याच्या मुळाशी लाकडाची टणक गाठ वाढते. एका म्हाताऱ्या कारागिराने तशी एक गाठ तासन्‌तास उकळली, कितीतरी महिने वाळवली आणि घासून घासून मला आकार दिला. दांड्यावर त्याने आपले नाव ठोकले आणि दातांत धरायला काळ्या कडक रबराचे टोक बसवले. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच होतो.

फिरत फिरत मी एका ड्राफ्ट्समनकडे आलो. माझे हे मालक पुलांचे नकाशे काढत. कागदांच्या ढिगात विस्तवाला बंदी, म्हणून मी बहुतेक वेळ विझलेलाच त्यांच्या दातांत असे. दोन्ही हात पट्टीत आणि पेनात गुंतलेले. रेघ अडली की ती सुटेपर्यंत ते मला चावत. बघता बघता माझ्या टोकावर खड्डेच खड्डे झाले. कारागिराने पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता.

त्यातला एक खड्डा सगळ्यांत खोल होता. मालकांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तीन आठवडे खपून मालकांनी एका पुलाचा नकाशा घरी पुरा करत आणला होता, आणि तिच्या कोपराने शाईची बाटली त्यावर लवंडली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मालकांचा हात वर गेला. मग तो तसाच खाली आला आणि त्यांनी मला असे करकचून चावले की कट्‌ असा आवाज झाला.

"जा, हात धुऊन ये," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी नवा कागद पसरला. नंतर कितीदा तरी ती गुपचूप येऊन त्या खड्ड्यात अंगठा टेकवून बघायची. तिचा धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मालक गेल्यावर मुलीने मला जपून ठेवले. भाऊ एव्हाना पाइपांचा शौकीन झाला होता. ओढण्याचा नव्हे, जमवण्याचा. त्यातही हाताने घडवलेले विलायती पाइपच त्याला लागत. काचेच्या कपाटात त्रेचाळीस पाइप, आणि प्रत्येकापुढे माहितीचे कार्ड. गेल्या महिन्यात बहिणीने मला त्याच्या हाती दिले.

"एवढे पाइप जमवलेस, त्यात बाबांचा नको का?" ती म्हणाली.

भाऊ मायेचा माणूस. रविवारी त्याचे संग्राहक मित्र यायचे होते, म्हणून शनिवारी तो मला घेऊन बसला. त्याने माझे टोक मेणबत्तीवर शेकले, तसे उथळ खड्डे फुगून वर आले. खोल खड्डा काही उठेना. मग त्याने कानस घेतली. पाइपाला बोलता येत नाही, नाहीतर मी बोंब ठोकली असती. तो मजेत शीळ वाजवत घासत होता.

रविवारी मित्रांनी मला हातोहात फिरवले. "वा! कालच घडवल्यासारखा!" एक जण म्हणाला. तेवढ्यात बहीण आली. तिने मला उचलले. सवयीने तिचा अंगठा खड्डा शोधत टोकावर गेला आणि घसरला.

"हा कुठला रे?"

"अगं, बाबांचाच! ओळखू येत नाही ना?" भावाची छाती फुगली होती.

"दात कुठे गेले?"

"कसले दात?"

"बाबांचे!" तिचा आवाज इतका चढला की मित्रांच्या हातातले कप हातातच राहिले. मग तिने सगळे सांगितले. लवंडलेली शाई, वर गेलेला हात, तो कट्‌ असा आवाज. "मला त्यांनी एकदाही मारलं नाही रे. तो मार या खड्ड्यात होता."

भावाचे तोंड उतरले. "ताई, आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

तो उठला. कामाच्या टेबलावर शनिवारचा वर्तमानपत्राचा कागद तसाच पडला होता. त्यावर चिमूटभर काळी भुकटी होती. ती त्याने दोन्ही हातांनी अलगद उचलून आणली.

"ताई, पंखा बंद कर," तो म्हणाला. तिने पंखा बंद केला आणि दोघे भावंडे त्या कागदाकडे बघत बसली. मित्र कधी उठून गेले, त्यांना कळलेही नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जरूर पुसा. धुळीची हौस मलाही नाही. पण एखादा ओरखडा, एखादा खड्डा घालवण्याआधी घरातल्या माणसांना एवढे विचारा, की हा कसा पडला? माझ्या बाबतीत कोणी विचारले नाही. आता मी नवाकोरा दिसतो, आणि मालकांचे दात कागदाच्या एका पुडीत आहेत.