छतावरची गवसणी

आमच्या घरात एखादी वस्तू नवी आली की तिला आधी कपडे शिवले जातात, मग ती वापरात येते. नवरा शिंपी असला की हे असं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, आणि ही कव्हरं ज्या पेटीत ठेवायची तिलाही कव्हर. आमचे हे त्याला गवसणी म्हणतात. कव्हर म्हटलं की त्यांना बाजारात मिळणारं तयार काहीतरी वाटतं.

गाडीला जोडून ओढायचा एक छोटा ट्रेलर आम्ही मोठ्या हौसेने घेतला होता. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, बसायला बाक. सुट्टी मिळाली की जोडायचा आणि निघायचं. मग मला साखरेचा आजार झाला, इन्सुलिन सुरू झालं, आणि ते फ्रिजमध्ये गार ठेवणं आलं. ट्रेलरमध्ये फ्रिज नाही आणि मोकळ्या माळावर वीज नाही. झालं, ट्रेलर अंगणात उभा राहिला. त्यालाही चाकांपर्यंत गवसणी आली.

त्यात गेल्या वर्षी मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. तेव्हापासून मी बादली उचलली की हे धावत येतात. भाजी आणायला निघाले की चपला घालून मागे तयार. स्टुलावर पाय ठेवला तरी ह्यांचा जीव खालीवर. मायेने करतात, कळतं हो मला. पण एका मर्यादेनंतर माया डोक्यात जाते.

मुलीने तर निकालच लावला होता. म्हणाली, "ट्रेलर उगाच गंजतोय. माझ्या ऑफिसातल्या एकाला हवाय. देऊन टाकू." मी म्हटलं, अजिबात नाही. छतावर सोलर बसवू, आत छोटा फ्रिज ठेवू, आणि एकदा जाऊन येऊ. औषध गार राहिलं तर ट्रेलर आपला. नाही राहिलं तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन. ती हो म्हणाली. हे काहीच म्हणाले नाहीत, आणि मला वाटलं, चला, तेही कबूल.

वायरमन आला. बोलका माणूस, हात चालायचे तसंच तोंडही. त्याने छतावर दोन पॅनेल घट्ट बसवली, वायर आत घेतली, भोकाभोवती पाणी गळू नये म्हणून डिंकासारखं काहीतरी चोपडलं. बॅटरी बाकाखाली ठेवली आणि भिंतीवर एक डबी लावली. "हा हिरवा दिवा लागला की समजायचं, ऊन आत येतंय. बॅटरी आज अर्धीच भरलीये, उद्या भरेल. गाडी सावलीत लावू नका. बाकी तुम्हाला काही बघायचं नाही."

हे शिडीवर चढून काचेवरून बोट फिरवत होते. महागाचं कापड असंच बघतात. "चरा पडेल हो हिला," म्हणाले.

"गारा झेलते ती काका," वायरमन म्हणाला. ह्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही.

त्याच दुपारी मी सामान भरत होते आणि आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. लांब, सरळ टीप. मी म्हटलं, असेल कुणाचा पडदा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तळ्याकाठी पोचलो. आमची नेहमीची जागा झाडाखाली, पण वायरमनचं ऐकून ट्रेलर भर उन्हात लावला. मी पाण्यात पाय सोडून बसले. इतक्या दिवसांनी कुणी "जपून" म्हणालं नाही. इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

आत येऊन बघते तर हिरवा दिवा बंद.

"नवीन आहे, घेईल वेळ," हे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, बंदच. डबीवर बॅटरीच्या पाच रेघांपैकी दोनच उरल्या होत्या. मी फ्रिजला कान लावला. चालू होता, पण किती वेळ? तासाभराने एकच रेघ राहिली. मी बाहेर आले तर हे खुर्च्या मिटत होते.

"चल, घरी जाऊ," म्हणाले. "औषध खराब झालं तर काय करायचं? प्रयत्न केला, नाही जमलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वायरमनला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "वर काही पडलंय का बघा ना मावशी. पालापाचोळा, कापड, काहीही."

"मी बघतो," हे म्हणाले. पण खुर्ची धरून जागचे हलले नाहीत.

"राहू द्या. मीच चढते."

ट्रेलरच्या मागे लोखंडी शिडी आहे. मी चढले आणि हे आले नाहीत. तिथेच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वर जाऊन बघते तर काय, दोन्ही पॅनेलांना मिळून एक, छताच्याच रंगाची पांढरी शुभ्र गवसणी. कडेला नाजूक गोट, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. शिलाई अशी सुबक की बघत राहावं. मला आधी हसूच फुटलं.

"अहो, सोलरला गवसणी? ऊन लागू नये म्हणून?"

"वाटेत खडे उडतात म्हणून घातली. काढायची राहिली."

आमच्या घरात हे सहज होऊ शकतं. मी विश्वास ठेवलाही असता. पण हे वर बघत नव्हते.

"कधी आठवलं?"

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाले, "तू पहिल्यांदा दिवा बघायला आत गेलीस तेव्हा."

"आणि गप्प बसलात?"

"त्या दिवशी न्हाणीघराचं दार उघडेना. तू दाराला लागून पडली होतीस. जोरात ढकलावं तर तुलाच लागणार, न ढकलावं तर आत जाता येईना. इथे तसं झालं तर मी हाक कुणाला मारू? तोंडावर तुला नको म्हणायची माझी हिंमत नाही. म्हटलं, दिवा लागला नाही तर आपण आपोआप घरी जाऊ."

वर उभी राहून मी चांगली खरडपट्टी काढणार होते. शब्द तयार होते. पण रडू आलं, आणि राग काही गेला नाही, दोन्ही एकदमच.

"घाबरा की," मी म्हटलं. "पण मला सांगून घाबरा. मी भांडेन, हरले तर येईन घरी. हे असं परस्पर झाकून टाकू नका. त्या ट्रेलरसारखं मलाही अंगणात उभं करून ठेवलंय तुम्ही. मी गंजतेय तिथे."

मी चारी कोपरे सोडवले आणि गवसणी खाली टाकली. ती ह्यांच्या खांद्यावर पडली. ती तशीच घेऊन हे आत गेले, आणि आतून हळू आवाज आला, "लागला."

उतरताना मात्र येऊन शिडी धरली. मी धरू दिली.

तेवढ्यात मुलीचा फोन. ह्यांनीच उचलला. मी शिडीपाशीच उभी. खोटंही बोलायची गरज नव्हती, बॅटरी उतरली एवढं म्हटलं असतं तरी किल्ली गेली असती.

"दिवा लागत नव्हता, माझ्यामुळे," हे म्हणाले. "आता लागलाय. नाही, ट्रेलर द्यायचा नाही. आम्ही राहतोय." मग तिचं ऐकून, "हो, वाटतेय ना भीती. तुझ्या आईला सांगितलंय."

फोन ठेवून ते झाडाखाली बसले, खिशातली छोटी कात्री काढली आणि गवसणीची टीप उसवायला लागले. आपली शिलाई उसवायची म्हणजे ह्यांना कोण दुःख. लग्नापासून बघतेय.

"आता हिचं काय?"

"पडदा. खिडकीला. दिवसा बाजूला सारता येईल असा."

कापड ताणलेलं असलं की टीप लवकर उसवते. मी समोर बसले आणि दुसरं टोक धरलं.